शेजाराचे चटईक्षेत्र किती?

वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या, चाळीस मजली इमारतींतील घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. सुमारे १६० चौरस फुटांच्या एका खोलीत, मजल्यावरच्या सामाईक संडासांवर भिस्त ठेवून ज्यांच्या तीन-तीन पिढ्या गेल्या, त्यांना ५०० चौरस फुटांचे स्वतंत्र घर विनामूल्य मिळावे ही घटना स्वागतार्हच आहे. तिच्याकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार प्रशस्त घरात राहणाऱ्या कोणासही नाही. परंतु समारंभाचा उत्साह ओसरल्यावर जे प्रश्न उरतात ते अधिक महत्त्वाचे असतात. हे घर वीस वर्षांनंतरही त्या कुटुंबाला परवडत असेल काय? आणि ज्या शेजाराच्या बळावर गिरणगावाने संप, टाळेबंदी, बेकारी आणि आजारपणे निभावली, तो शेजार चाळीस मजल्यांच्या उभ्या रचनेत टिकेल काय?

हे दोन प्रश्न वेगळे आहेत, असे सामान्यतः समजले जाते. पहिला अर्थशास्त्राचा आणि दुसरा समाजशास्त्राचा, किंबहुना हळव्या मनाच्या लेखकांचा, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. प्रस्तुत लेखकाला ती मान्य नाही. शेजारालाही अर्थशास्त्र असते. त्याच्यापासून मिळकत होते, त्याच्यावर खर्च होतो, आणि इमारतीच्या आराखड्यात त्याला जागा द्यावी लागते. आपल्या हिशेबवहीत ही जागा फक्त खर्चाच्या रकान्यात मांडली जाते, मिळकतीच्या रकान्यात कधीच येत नाही. आपल्या गृहनिर्माणाचे एक मूळ दुखणे हे आहे.

चाळीचे गुण आणि अवगुण

चाळीविषयी बोलताना गहिवरून येण्याचा मोह आधी आवरला पाहिजे. १९२० साली गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांच्या कारकीर्दीत मुंबई विकास खाते स्थापन झाले आणि त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधून एक बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंस दहा-दहा खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडे. त्या मधल्या बोळात भर दुपारी अंधार असे. स्त्रियांना सामाईक संडासासमोर रांगेत उभे राहावे लागे. हे जीवन पुन्हा कोणाच्या वाट्याला यावे असे म्हणणे क्रूरपणाचे ठरेल.

तथापि चाळीने दिलेल्या काही गोष्टींची किंमत मोजून पाहण्यासारखी आहे. आई कामावर गेली तर मूल शेजारणीकडे राहत असे. घराची किल्ली समोरच्या खोलीत ठेवली जाई. भिशीतून लग्नाचा किंवा दवाखान्याचा खर्च निघे, आणि गावाहून आलेल्या तरुणाला पहिली नोकरी कोणा शेजाऱ्याच्या शब्दाखातर मिळे. पाळणाघर, पहारेकरी, पतपेढी आणि नोकरीचा दलाल या चार सेवा बाजारातून विकत घ्यायच्या झाल्या, तर अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा त्यांतच संपेल. चाळीत त्या रोख पैशांवाचून मिळत होत्या.

सामाईक जागा हे भांडवल असते, याचे एक ठळक उदाहरण याच शहरात आहे. १९५९ साली गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला. तोच पुढे 'लिज्जत पापड' या नावाने देशभर पोहोचलेला सहकारी उद्योग झाला. त्या सात जणींजवळ कारखाना नव्हता, परंतु उन्हाची, सर्वांची आणि भाडे न लागणारी गच्ची होती. आजच्या किती इमारतींत रहिवासी स्त्रियांना गच्चीवर असा व्यवसाय आरंभता येईल? बहुतेक ठिकाणी तिच्या दाराला कुलूप असते.

परवडणे म्हणजे काय?

परवडणाऱ्या घराची आपली सरकारी व्याख्या मुख्यतः किंमत आणि क्षेत्रफळ यांवर उभी आहे. वस्तू व सेवा कराच्या नियमांत २०१९ पासून महानगरातील ६० चौरस मीटर चटईक्षेत्राचे आणि ४५ लाख रुपयांपर्यंतचे घर परवडणारे मानले गेले. यापैकी ४० लाख रुपये कर्जाऊ काढले आणि साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांत फेडायचे ठरवले, तर महिन्याचा हप्ता ३५ हजार रुपयांच्या घरात जातो. उत्पन्नाच्या तृतीयांशाहून अधिक रक्कम घरावर खर्च होऊ नये असे मानले, तर या 'परवडणाऱ्या' घरासाठी महिना एक लाखाहून अधिक मिळकत हवी. नोकरीच्या आरंभी असलेला कारकून किंवा कंत्राटी शिक्षक या व्याख्येत कोठे बसतो, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

विनामूल्य मिळालेल्या घराची गोष्ट निराळी वाटेल, परंतु तिथेही मासिक खर्च सुटत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम-खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का रक्कम दुरुस्ती व देखभाल निधीत जमा करावी लागते. बांधकाम-खर्च समजा २५ लाख रुपये धरला, तर वर्षाला २५ हजार, म्हणजे महिन्याला दोन हजारांहून अधिक रक्कम केवळ इमारत उभी राहावी म्हणून बाजूला पडते. उद्वाहनांची वीज, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा, पहारेकरी, सफाई आणि मालमत्ता कर हे सारे त्याच्या वर. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत याकरिता विकासकाने प्रत्येक सदनिकेमागे २०,००० रुपये ठेव ठेवावी असा पूर्वीचा नियम होता. पुढे ही रक्कम वाढवण्यात आली. २०,००० रुपयांवर सात टक्के व्याज धरले तर महिन्याला साधारण ११७ रुपये येतात. एवढ्यात उद्वाहनाची डागडुजी होत नाही.

असा खर्च पेलला नाही की पुढचा क्रम ठरलेला असतो. एक उद्वाहन बंद पडते, मग दुसरे. वरच्या मजल्यांवरचे वृद्ध घरातच अडकतात. थकबाकीवरून संस्थेच्या सभेत भांडणे होतात आणि ज्यांना शक्य आहे ते घर भाड्याने देऊन किंवा विकून वसई, बदलापूरच्या वाटेला लागतात. ज्या कुटुंबासाठी हा सारा खटाटोप केला, तेच शहराबाहेर फेकले जाते. घर त्यांच्या मालकीचे झाले होते, परंतु ते चालवण्याची ऐपत त्यांच्याजवळ नव्हती.

याच्या उलट दिशेने केलेल्या चुकीचा अनुभवही आपल्या गाठीशी आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. हेतू चांगला होता. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते. परंतु दुरुस्तीलाही न पुरणारे भाडे दशकानुदशके तेच राहिल्यावर मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली, आणि अखेर १९६९ च्या कायद्यान्वये दुरुस्ती मंडळ स्थापून हजारो इमारतींचा भार सरकारला उचलावा लागला. उपकरप्राप्त इमारतींची मूळ संख्या १९,६४२ होती. दर पावसाळ्यात त्यांतली एखादी कोसळल्याची बातमी मुंबईकरांच्या अंगवळणी पडली. भाडे असो वा देखभाल वर्गणी, खर्चापेक्षा कमी वसुली झाली की तिची भरपाई इमारत स्वतःच्या आयुष्यातून करते.

उंची कोणासाठी?

येथे इमारतीच्या आराखड्याचा प्रश्न येतो, कारण मासिक खर्च बव्हंशी आराखड्यावर ठरतो. जितकी उंची अधिक तितकी यंत्रे अधिक, आणि यंत्रांवरचा खर्च कायमचा. मुंबईत जमीनच नाही, तेव्हा उंच जाण्याखेरीज उपाय काय, असा प्रतिप्रश्न यावर हमखास केला जातो. साधे गणित मांडून पाहू. एका हेक्टरवर ५०० कुटुंबे, प्रत्येकाला ५०० चौरस फुटांचे, म्हणजे ४६.५ चौरस मीटरचे घर. त्याचे झाले सुमारे २३ हजार चौरस मीटर. भिंती, जिने, सज्जे, बालवाडी, सभागृह यांसाठी आणखी ४० टक्के धरले की बांधकाम साडेबत्तीस हजार चौरस मीटरपर्यंत जाते. हे सारे भूखंडाच्या केवळ ४० टक्के जागेवर उभारले तर आठ मजले पुरतात, आणि ६० टक्के जमीन रस्ते, झाडे व मैदानासाठी मोकळी राहते.

तेव्हा मूळ रहिवाशांना चांगले घर देण्यासाठी चाळीस मजले लागत नाहीत. ते लागतात, कारण विनामूल्य घरांचा खर्च त्याच भूखंडावरच्या विक्रीच्या घरांतून काढायचा असतो. विक्रीसाठी जास्तीत जास्त जमीन मोकळी करण्याकरिता मूळ रहिवाशांना कमीत कमी जमिनीवर रचले जाते. सरकारजवळ पैसा नसताना दुसरा मार्ग कोणता, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. परंतु या सौद्यात बांधकामाचा आरंभीचा खर्च विक्रीच्या घरांवर जातो आणि उंचीचा कायमचा खर्च मूळ रहिवाशांच्या माथी येतो, एवढे तरी स्वच्छ सांगितले गेले पाहिजे.

दाटीचा परिणाम खिशापुरता मर्यादित राहत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा आग्रह धरला होता. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा की, समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मे अंतर मध्ये मोकळे असावे. चोवीस मीटर उंचीच्या इमारतीसमोर बारा मीटर. शंभर वर्षांनंतर गोवंडीतील नटवर पारेख कंपाउंडमध्ये प्रकल्पग्रस्तांना ज्या इमारतींत वसवले, तेथे दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. अशा वसाहतींच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत घरातील अपुऱ्या उजेड-वाऱ्याचा क्षयरोगाशी संबंध आढळला. वसाहतवादी राजवटीला प्लेगने जे शिकवले, ते आपण नियम शिथिल करता करता विसरलो.

दोन जुने धडे

मुंबईत बी. डी. डी. चाळी उभ्या राहत होत्या, त्याच दशकात ऑस्ट्रियातील व्हिएन्ना नगरपालिकेनेही कामगारांसाठी घरे बांधायला घेतली. तिने १९२३ मध्ये चढत्या दराचा गृहकर बसवला. आलिशान घराला भारी आणि साध्या घराला नाममात्र कर, असे त्याचे स्वरूप होते. १९३४ पर्यंत तिने ६० हजारांहून अधिक घरे बांधली. त्यांपैकी १९३० मध्ये खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स हॉफ या वसाहतीत १,३८२ घरे आहेत. भूखंडाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी जागेवर बांधकाम, बाकी प्रशस्त अंगणे, आणि त्यांच्या कडेला सामाईक धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाड्या, वाचनालय असा तिचा घाट होता. जवळजवळ शंभर वर्षांनंतरही ती वसाहत वापरात आहे. आज त्या शहरातील सुमारे निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा मर्यादित नफ्याच्या गृहसंस्थांच्या घरांत राहतात. अशा गृहसंस्थांचे भाडे प्रत्यक्ष खर्चाला बांधलेले असते, आणि त्या खर्चात दुरुस्तीचा वाटा आरंभापासून धरलेला असतो.

आपल्याला विशेष उपयोगी पडावी अशी त्यांची पद्धत पुढची आहे. अनुदानित प्रकल्प कोणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी व्हिएन्नात १९९५ पासून स्पर्धा घेतली जाते. खर्च, वास्तुरचना आणि पर्यावरण या तीन कसोट्यांवर प्रस्ताव पारखले जात. २००९ मध्ये सामाजिक टिकाऊपणा ही चौथी कसोटी त्यांत आली. शेजार कसा घडेल, हा तिथे निविदेतला प्रश्न झाला. ऑस्ट्रियातील वेतनावर गृहनिर्माणासाठी एक टक्का अंशदान कापले जाते. असंघटित रोजगार प्रचंड असलेल्या आपल्या देशात तो मार्ग जसाच्या तसा चालणार नाही, परंतु कसोट्या ठरवायला कोणताही कर बसवावा लागत नाही.

दुसरा धडा घरचाच आहे. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने नोंदली गेली. देशातील आरंभीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत तिची गणना होते. जमीन व इमारत संस्थेची, सभासद हा तिचा भाडेकरूही आणि भागधारकही, ही तिची मूळ कल्पना. घराचा सट्टा करता येऊ नये आणि खर्चही भागावा, असा दुहेरी उपाय तीत होता. पुढे आपण संस्था हा शब्द ठेवला आणि आशय बहुतांशी गमावला. आजची गृहनिर्माण संस्था प्रायः विकासकाने इमारत बांधून विकल्यानंतर जन्माला येते. आराखडा ठरताना तिचे अस्तित्वच नसते.

सहकाराच्या या परंपरेत एक धोकाही आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एका जातीच्या किंवा पंथाच्या लोकांनी एकत्र येऊन संस्था काढणे स्वाभाविक होते, परंतु त्यातूनच इतरांना दार बंद करण्याची रीत पडली. पारशी समाजातील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये असे निर्बंध घालण्याचा संस्थेचा अधिकार ग्राह्य धरला. कायदा काहीही म्हणो, सार्वजनिक जमिनीवर आणि सार्वजनिक सवलतींवर उभ्या राहणाऱ्या इमारतीत आडनाव किंवा आहार विचारून घर नाकारले जाता कामा नये. शेजार हा निवडून घेतलेल्या माणसांचा असतो असे नाही. एका जिन्याने चढणाऱ्या निरनिराळ्या माणसांनी रोजच्या व्यवहारातून तो घडवायचा असतो.

काय करता येईल?

हा व्यवहार घडावा यासाठी आराखडा मदत करू शकतो. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी नवी मुंबईत बेलापूरला जी वसाहत आखली, तीत सात घरांमध्ये एक छोटा चौक होता, आणि असे तीन गट मिळून एकवीस घरांना एक मोठा चौक. माणूस शंभर शेजारी लक्षात ठेवू शकत नाही, सात सहज ठेवतो. ती बैठी घरे होती, परंतु तत्त्व बहुमजली इमारतीलाही लागू पडते. प्रत्येक मजल्यावर सहा-आठ दारे, त्यांच्यासमोर दोन माणसे बसून बोलू शकतील एवढा रुंद, उजेडाचा सज्जा, आणि दर दोन-तीन मजल्यांमागे मुलांना खेळायला एक मोकळा टप्पा. ज्याला दार लावून घ्यायचे आहे त्याला ते लावता यावे, पण उघडल्यावर समोर अंधारा बोळ नसावा.

विकासक असे सज्जे का बांधत नाही? २०१६ च्या रेरा कायद्याने घर चटईक्षेत्रावर विकणे बंधनकारक केले. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा होती. परंतु सामाईक जागा चटईक्षेत्रात येत नाही. म्हणजे तिच्यावर खर्च होतो आणि तिची वेगळी किंमत मिळत नाही. बाजार तिची काटछाट करणार हे उघड आहे. यासाठी किमान रुंदीचा, बाहेरून उजेड येणारा आणि कधीही बंदिस्त न करता येणारा सज्जा अधिमूल्य न आकारता चटईक्षेत्र निर्देशांकातून वगळावा. बालवाडी, अभ्यासिका, स्त्रियांच्या गटाला व्यवसायासाठी खोली यांनाही हाच न्याय लावावा. पुनर्वसनाच्या इमारतींत अशा जागांना किमान प्रमाण ठरवून द्यावे आणि दोन इमारतींमधील अंतरात कोणतीही सवलत देऊ नये.

दुसरी गोष्ट, पुनर्वसनाच्या किंवा परवडणाऱ्या घरांच्या प्रत्येक प्रकल्पाच्या आराखड्याबरोबर पुढील तीस वर्षांच्या मासिक खर्चाचा तक्ता मराठीत प्रसिद्ध करणे सक्तीचे करावे. ठेव किती, ती किती वर्षे पुरेल, ती संपल्यावर दर कुटुंबामागे किती रक्कम येईल, हे रहिवाशांना संमती देण्यापूर्वी कळले पाहिजे. मग उंचीबद्दलची निवड ते डोळसपणे करतील. तिसरी गोष्ट, विक्रीच्या भागातून येणाऱ्या उत्पन्नाचा काही हिस्सा एकरकमी न देता कायमच्या निधीत ठेवावा, किंवा तळमजल्यावरील काही दुकानगाळे संस्थेच्या मालकीचे करावेत. त्यांच्या भाड्यातून देखभाल चालेल, आणि महागाईबरोबर भाडेही वाढेल.

पर्यावरणाचा विचार या हिशेबातच येतो. जी इमारत तीस-चाळीस वर्षांत पाडावी लागते, तिच्यातील सिमेंट-पोलाद आणि ते तयार करताना जाळलेला कोळसा, सारेच वाया जाते. साठ-सत्तर वर्षे टिकणारी, आरपार वारा खेळणारी, भिंतीवर सावली पडणारी इमारत हीच सर्वांत हिरवी इमारत होय. निवासी इमारतींच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला २०१८ च्या 'इको निवास संहिते'ने चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा सुचवली आहे. ती पुनर्वसनाच्या इमारतींनाही काटेकोरपणे लावावी. २०२४ च्या 'सूर्य घर' योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान ठेवण्यात आले. आठ मजली इमारतीची गच्ची तिच्या उद्वाहनाचा आणि पंपांचा मोठा भार उचलू शकते. चाळीस मजल्यांना गच्ची तेवढीच मिळते आणि भार मात्र पाचपट होतो.

बी. डी. डी. चाळींतील हजारो कुटुंबांचे स्थलांतर अजून व्हायचे आहे, आणि धारावीत पात्र कुटुंबांना ३५० चौरस फुटांची घरे देण्याची योजना आखली गेली आहे. इमारत एकदा उभी राहिली की दोन भिंतींमधले अंतर कोणत्याही शासननिर्णयाने वाढत नाही. तेव्हा पुढच्या आराखड्यांवर सही होण्याआधीच रहिवाशांनी दोन आकडे मागितले पाहिजेत. एक, तीस वर्षांनंतरचा मासिक खर्च. दुसरा, दाराबाहेर सर्वांसाठी राखलेली जागा. घराच्या चौरस फुटांबरोबर हे दोन आकडे सांगायला जो तयार नाही, त्याच्या आराखड्याला संमती देण्याची घाई रहिवाशांनी करू नये.